मागे वय लिहिलंस का?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि आधी आठवला तो पोस्टर कलरचा वास. पाठोपाठ चित्रकलेच्या सरांचा ठरलेला प्रश्न, "मागे नाव, वय लिहिलंस का?"

मी सातवीत होतो. लिदित्सेच्या बालचित्र स्पर्धेला चित्रं पाठवायची होती. मी ऐटीत रणगाडा काढला, वर चार विमानं. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "त्या गावाला हे नको पाठवूस."

मग खुर्ची ओढून त्यांनी सांगितलं. लिदित्से हे चेक देशातलं, प्राहाजवळचं (म्हणजे आपल्या प्रागजवळचं) खाणकामगारांचं लहानसं गाव. मे 1942 मध्ये प्राहात हायड्रिश या बड्या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाला आणि त्यात तो मेला. त्याचा सूड या गावावर उगवला. 10 जूनला 173 पुरुषांना गोळ्या घातल्या. बायका-मुलांना शेजारच्या क्लाडनोतल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत कोंडलं आणि तीन दिवसांनी मुलं आयांपासून तोडली. 82 मुलांना पोलंडमधल्या खेल्म्नोला नेऊन विषारी वायूने मारलं.

"शाळेत कोंडलं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"हो, शाळेतच."

त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

पुढचं मी मोठेपणी वाचलं. युद्धानंतर 17 मुलं परत आली. त्यातली काही जर्मन घरांत वाढवली गेली होती. ती आपली भाषाच विसरली होती. रावेन्सब्रुकच्या छळछावणीतून सुटून आलेल्या आईशी पोराला धड बोलताही येऊ नये! मला तर मृत्यूंच्या आकड्यापेक्षा हेच जास्त छळतं.

माझ्या दुसऱ्या चित्रात पकडापकडी खेळणारी मुलं होती. बक्षीस अर्थातच मिळालं नाही.

काही वर्षांपूर्वी लिदित्सेला जाऊन आलो. मारी उखितिलोवा या शिल्पकर्तीने त्या 82 मुलांचे पुतळे घडवले आहेत, 42 मुली आणि 40 मुलगे. वीस वर्षं खपून 1989 मध्ये ती गेली. ब्राँझचं काम तिच्या नवऱ्याने पुरं केलं. पुतळ्यांच्या पायाशी लोक खेळणी ठेवून जातात. स्पर्धेची वयोमर्यादा 4 ते 16. तिथल्या घोळक्यात मात्र चारच्या आतलीही बाळं आहेत.

हल्ली गाझा, युक्रेन, सुदानच्या बातम्यांत मेलेल्या मुलांचे नुसते आकडे येतात. मी अजून वय शोधतो. ही सवय सरांची.

1967 पासून चाललेल्या त्या स्पर्धेचं प्रदर्शनही तिथे पाहिलं. त्यात प्रत्येक चित्राखाली नाव, देश, वय होतं. एका चार वर्षांच्या मुलीने नुसता पिवळा गोल काढला होता. सूर्य असेल, नाहीतर चेंडू. एवढ्या पोरीला लिहिता कुठलं येतंय? कागदामागे तिचं वय कुणीतरी मोठ्या माणसानेच घातलं असणार.