पैसे कापले, पावती निघाली नाही: माझा अनुभव

"दुकानदाराकडे जा, पैसे त्यांच्याकडे गेलेत." बँकेच्या काउंटरवर हे उत्तर मिळालं तर तिथून उठू नका. जळगावात ठिबकच्या सामानाचं बिल डेबिट कार्डाने भरताना रेंज गेली. पावती निघाली नाही, पैसे कापल्याचा मेसेज मात्र आला. दुकानदाराने सरळ सांगितलं, "भाऊ, आमच्या मशीनमध्ये एंट्रीच नाही." तो खरं बोलत होता. बँकेतले साहेब ते ऐकूनच घेईनात, याचा राग अजून गेलेला नाही.

कार्ड लावलं की आधी फक्त आपली बँक मंजुरी देते. त्याच क्षणी रक्कम खात्यातून वळती होते किंवा अडकवून ठेवली जाते, पण दुकानदाराला तेव्हा एक पैसाही मिळालेला नसतो. दिवसअखेर मशीनवर 'सेटलमेंट' झाली की त्या दिवसाच्या व्यवहारांची यादी, म्हणजे बॅच, त्याच्या बँकेकडे जाते, तिथून कार्ड नेटवर्कमार्फत (रुपे, व्हिसा वगैरे) आपल्या बँकेकडे मागणी येते आणि मग हिशेब चुकता होतो. तोवर व्यवहार 'पेंडिंग'. मंजुरीचं उत्तर मशीनपर्यंत पोचलं नाही तर मशीन व्यवहार उलटवायचा संदेश पाठवतं. रेंजच नसेल तर तोही अडकतो. असा व्यवहार बॅचमध्ये जातच नाही, त्यामुळे त्याची मागणीही येत नाही. मग दुकानदार परत काय करणार? पैसे बँकेनेच द्यायचे.

काउंटरवर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा उल्लेख करा. खात्यातून पैसे गेले आणि दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दिवस कॅलेंडरचे धरतात, रविवार वगळत नाहीत. ३ तारखेचा व्यवहार असेल तर मुदत ८ तारखेपर्यंत, ९ पासून भरपाई सुरू. ही भरपाई ग्राहकाने न मागता द्यायची, असं परिपत्रकातच आहे. तरी अर्जात ती स्पष्ट लिहा. तोंडी बोलून फक्त फेऱ्या होतात. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, तक्रार क्रमांक मागा. व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक (आरआरएन), तारीख, वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक एवढं पुरे. पूर्ण कार्ड नंबर किंवा पिन कुणालाच देऊ नका.

दुकानातून निघण्याआधी मशीनचा डिटेल रिपोर्ट, म्हणजे त्यातल्या व्यवहारांची यादी, छापून घ्या आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. आपला व्यवहार त्यात नसणं हाच सर्वांत भक्कम पुरावा. पण रिपोर्टमध्ये एकच बिल दोनदा दिसत असेल, तर मामला दुकानदाराचा: सेटलमेंटआधी त्याने एक व्यवहार 'व्हॉइड' म्हणजे रद्द करायचा, नंतर असेल तर 'रिफंड'.

हॉटेलने अनामत म्हणून रोखलेल्या रकमेला हा ५ दिवसांचा नियम लागत नाही, कारण तो फसलेला व्यवहार नव्हे. ती सोडायला हॉटेललाच सांगावं लागतं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शिक्क्याची प्रत तिथेच जोडायची असते.