दोन मिलिमोलरचं उत्तर

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी फोन आला. मधुमेहावर काम करणाऱ्या एका संशोधकांनी आमच्याकडून मानवी ग्लुकोकायनेज मागवलं होतं. एका कुटुंबात सापडलेला जनुकबदल त्यांना मूळ एन्झाइमशी ताडून बघायचा होता. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, २ मिलिमोलर ग्लुकोजला अॅक्टिव्हिटी किती येते?" म्हणजे एवढ्या कमी साखरेत एन्झाइम किती वेगाने चालतं.

आम्ही ती मोजलीच नव्हती. पाषाणच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत तयार मालाची तपासणी एकाच ठिकाणी व्हायची, ५० मिलिमोलरला. ग्लुकोकायनेज एटीपी या ऊर्जेच्या रेणूवरचा फॉस्फेट ग्लुकोजला जोडतं, पुढचं एन्झाइम त्यातून एनएडीपीएच हा प्रकाश शोषणारा रेणू बनवतं आणि ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्रावर रेघ चढताना दिसते. या वेळी रेघ जरा मंद होती, पण चढली होती. कुप्यांना लेबलंही लावून झाली होती.

"दुपारपर्यंत पूर्ण वक्र काढून कळवते," म्हटलं. म्हणजे कमी-जास्त साखरेला वेग किती, याचा आलेख.

या एन्झाइमवर माझा जीव आहे. रक्तात साखर वाढल्याचं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना तेच सांगतं. शरीरातली बाकीची बहुतेक हेक्झोकायनेजं, म्हणजे हेच काम करणारी त्याची भावंडं, थोड्याशा साखरेतही पूर्ण वेगाने धावतात. याचा निम्मा वेग मात्र ८ मिलिमोलरच्या आसपास येतो, म्हणजे डॉक्टरांच्या आकड्यात साधारण १४४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला. म्हणून जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा फरक त्याला कळतो. या जनुकातल्या बदलाने उपाशीपोटीची साखर जन्मापासून थोडी चढलेली राहते, हे १९९२पासून लक्षात येत गेलं. अशा माणसांना गरोदरपण सोडलं तर बहुधा औषध लागतच नाही. तुलनेचं एन्झाइमच चुकीचं असेल, तर निष्कर्ष चुकणार आणि एखाद्या पोराला उगाच गोळ्या सुरू होणार.

दुपारी वक्र समोर आला आणि माझे हातपाय गार पडले. २ मिलिमोलरला कमाल वेगाचा जेमतेम दहावा हिस्सा यायला हवा होता. इथे दोन तृतीयांशांच्याही वर! ५ आणि २०मध्ये तर फारसा फरकच नाही. ग्लुकोकायनेजचा वक्र सुरुवातीला रेंगाळतो, मग उचल खातो. हा पहिल्यापासून सुसाट होता.

आधी संशय डीटीटीवर, म्हणजे एन्झाइम टिकवायला घालतात त्या रसायनावर गेला, कारण ते ताजं नसेल तर हे एन्झाइम लवकर मरतं. पण त्याने वेग पडला असता, थोड्याशा साखरेची ही हाव आली नसती. मग चमकलं: मानवी जनुक घालून ज्या जिवाणूकडून आम्ही हे एन्झाइम बनवून घेतो, त्या ई. कोलायचं स्वतःचंही ग्लुकोकायनेज असतं, आणि ते एका मिलिमोलरहून कमी साखरेतच निम्मा वेग गाठतं. आपलं जनुक नसलेल्या जिवाणूंचा अर्क एन्झाइम वेगळं करायच्या त्याच निकेल कॉलममधून काढला. तसाच वक्र. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारं जेल चालवलं, तर ५० किलोडाल्टनच्या थोडं वरचा मानवी प्रथिनाचा जाड पट्टा सगळा गाळात, न विरघळणारा. कुपीत ३५च्या जवळ एक फिकट पट्टा, जिवाणूचा.

"ताई, जिवाणू वाढायला ठेवले त्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता," आमचा सहकारी म्हणाला. "लाइट गेली होती."

जिवाणूंची फ्लास्कं ठरावीक तापमानाला हलवणाऱ्या शेकरपाशी जाऊन आम्ही प्लग काढून परत लावला. पडद्यावर ३७ उमटलं. आम्ही १८ अंशांवर ठेवलेली फ्लास्कं वीज आल्यावर रात्रभर ३७वर हलत राहिली होती. त्या उबेत जिवाणू प्रथिन भराभर बनवतात, ते नीट घडी न पडता गोळा होऊन बसतं. सकाळी सहकारी आला, नियमाप्रमाणे पेशी काढल्या. त्याची काहीच चूक नव्हती. एका बिंदूवर समाधान मानणारी तपासणी माझी होती.

संशोधकांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "थांबतो मी."

या वेळी स्वतःचं ग्लुकोकायनेज काढून टाकलेला ई. कोलायचा वाण घेतला, शेकर यूपीएसवर टाकला, आणि रात्री दोनदा जाऊन १८चा आकडा बघून आले. दहा दिवसांनी वक्र पुन्हा काढला. सुरुवातीला रेंगाळला, ५च्या पुढे उचलला. मी लगेच फोन लावला.

"सर, २ मिलिमोलरला साधारण ९ टक्के येतंय."

"पाठवा," ते म्हणाले.