झाडं लावायला पैसे मिळतात, राखायला नाही

गणपतीत चाकरमानी गावात आले की वर्गणी मागायची हीच वेळ, म्हणून यंदा आरती झाल्यावर देवराईच्या वरच्या डोंगरावरचं जंगल राखायचा विषय काढला. लगेच एकजण म्हणाला, मी शंभर रोपं देतो, फोटो काढू, ग्रुपवर टाकू. अरे पण रोपं नकोयत रे बाबा! ऐन, किंजळ, जांभूळ तोडलेल्या बुंध्यातून आपोआप फुटतात, धनेश पक्षी बिया टाकत फिरतो, फक्त वणवा आणि कुऱ्हाड लांब ठेवायची. कोकणात बरंचसं जंगल खाजगी मालकीचं, सातबाऱ्यावर ढीगभर नावं, कोणाला तरी पैशाची नड आली की ठेकेदार हजर आणि लाकूड ट्रकात. म्हणजे खर्च काय तर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायची मजुरी, उन्हाळाभर एक राखणदार, आणि मालकांना न तोडण्याबद्दल थोडेफार पैसे. ह्याचा फोटो काय काढणार?

वेळासला कासवं बघायला येणाऱ्यांचे पैसे गावातल्या घरांत जातात, तसं धनेश दाखवून जमेल का असं पोरं विचारतायत. जमेल, पण घरट्याजवळ गर्दी नको, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चारा नर आणतो, तो बिचकला की सगळंच ओमफस. तूर्त जाळरेषेपुरती वर्गणी जमलीय, हिशोब देवळातल्या फळ्यावर लिहिलाय, राखणदाराचं बाकी आहे, मुंबईकरांनी जीपे केलं तरी चालेल.