कोबाल्टचा निळा आणि मायनरचा अभ्यास

मंगळवार, रात्र

रसायनशास्त्राच्या जोडीला जागतिक संस्कृतींचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेतल्यापासून माझ्या वाचनाची दिशाच पालटली आहे, आणि आजच्या तासानंतर तर हे नीट लिहून ठेवावेसे वाटते. आज अभ्यासाला ब्रिटिश संग्रहालयातील 'डेव्हिड फुलदाण्या' होत्या. छायाचित्र मोठे करून पाहिले की हत्तीच्या मस्तकाच्या आकाराच्या मुठी, ढगांतून वळसे घेत जाणारा ड्रॅगन आणि गळ्याजवळ निळ्या रंगात लिहिलेला चिनी लेख स्पष्ट दिसतो. ही जोडी एका ताओपंथी मंदिराला अर्पण केल्याचे त्या लेखात नमूद आहे आणि साल आहे इ. स. १३५१.

फुलदाण्या चीनमधल्या, पण तो निळा रंग कोबाल्टचा. सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत बहुतेक रंगद्रव्ये टिकत नाहीत, कोबाल्ट मात्र झिलईखालीही आपला रंग राखतो. युआन काळात, म्हणजे चीनवर मंगोल घराण्याचे राज्य असताना, उत्तम कोबाल्ट इराणच्या बाजूने येत असे. त्यात लोह जास्त आणि मँगनीज कमी असते, तर चीनमधल्या स्थानिक खनिजात मँगनीज भरपूर असते. त्यामुळे रंगाच्या पृथक्करणावरून व्यापाराचा मार्ग ताडता येतो. प्रयोगशाळेतली ही माहिती इतिहासाच्या तासाला इतकी उपयोगी पडावी, याचा मला मनापासून आनंद झाला.

पुढे व्यापाराचा इतिहास आणि धर्म हेही या चर्चेत ओघानेच आले. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या जिंगदेझेन शहराच्या भट्ट्यांमधून निघालेली मोठाली ताटे पश्चिम आशियात एकत्र बसून जेवणाऱ्यांच्या पंक्तीला सोयीची होती. १६११ मध्ये इराणचा बादशहा शाह अब्बास याने आपल्याकडची चिनी भांडी इराणमधल्याच अर्दबीलच्या दर्ग्याला अर्पण केली. १६४४ मध्ये चीनमधली मिंग राजवट कोसळल्यावर युरोपकडे जाणारा माल आटला, तेव्हा नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या कुंभारांनी साध्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई देऊन तीच निळी नक्षी उतरवली.

अशा मायनरमध्ये सगळेच थोडे थोडे शिकवतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. दर आठवड्याला एक संस्कृती उरकणारा अभ्यासक्रम असेल, तर तो आक्षेप खराच आहे. पण एकच वस्तू समोर ठेवून तिच्याकडे रसायन, व्यापार, धर्म आणि कला अशा सर्व अंगांनी पाहिले, तर कोणतीही संस्कृती एकटी, कुंपणाआड वाढलेली नाही हे पुराव्यानिशी कळते, आणि माझ्या मते या अभ्यासाचे खरे मोल तेच आहे.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली आहे. फुलदाण्यांवर दात्याचे नाव आहे, घडवणाऱ्याचे नाही. भट्टीवर माती मळणारे, नक्षी रंगवणारे, जाळ सांभाळणारे हात किती होते आणि त्यांच्यात कामाची वाटणी कशी होत असे, हे शोधायला तुटक्या खापरांचे पुरातत्त्व आणि श्रमाचा इतिहास लागेल. सत्राच्या निबंधासाठी मी हाच प्रश्न घेणार आहे. भट्ट्यांच्या उत्खननाविषयीचे वाचन उद्यापासून सुरू करीन.