क्विझ घ्या, पण उत्तर लगेच दाखवू नका

ई-लर्निंगचं कुठलंही ट्रेनिंग असलं की अर्धा दिवस ॲप्सची ओळख करून देण्यात जातो, हे बघा, ते बघा, इथे लॉगिन करा, इथून पीपीटी अपलोड करा, आणि दिवस संपला तरी एक प्रश्न तसाच राहतो, की उद्या वर्गात गेल्यावर यातलं नक्की काय वापरायचं आणि कशासाठी. मी विज्ञान आणि गणित शिकवते. प्रोजेक्टर, टॅब, मोबाईल सगळं वापरून झालंय आणि आता माझं ठाम मत झालंय की पोरांना काहीतरी दाखवायला म्हणून टेक्नॉलॉजी वापरली तर थोडाच फायदा होतो, पोरांच्या डोक्यात आत्ता या क्षणी काय चाललंय ते आपल्याला कळावं म्हणून वापरली तर खूप होतो.

दाखवण्याचा उत्साह तसा जुनाच आहे. एडिसनने १९१३ मध्ये सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होणार, सिनेमातून सगळं शिकवता येईल. मग रेडिओ आला, टीव्ही आला, कॉम्प्युटर आला (इलिनॉय विद्यापीठात कॉम्प्युटरवर शिकवायची प्लेटो सिस्टीम १९६० मध्येच सुरू झाली होती!) आणि दर वेळी साधारण तसंच बोललं गेलं. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या अभ्यासकांनी लिहिलं की माध्यम हे नुसतं वाहन आहे, किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही तसंच माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. मला हे पूर्ण पटत नाही, कारण काही गोष्टी त्या ट्रकशिवाय वर्गात पोचतच नाहीत. पण ट्रकमध्ये काय भरायचं हे शिक्षकालाच ठरवावं लागतं, हे मात्र शंभर टक्के खरं.

आता प्रत्यक्ष उदाहरण देते. सर्किटचा धडा. एक बॅटरी, दोन सारखे बल्ब, सिरीजमध्ये म्हणजे एकामागे एक जोडलेले. प्रश्न असा की कुठला बल्ब जास्त उजेड देईल, बॅटरीच्या प्लस टोकाजवळचा, मायनस टोकाजवळचा, की दोन्ही सारखेच? हा प्रश्न धडा शिकवून झाल्यावर विचारला तरी बरीच पोरं पहिलाच पर्याय निवडतात, आणि का म्हणून विचारलं तर अगदी आत्मविश्वासाने सांगतात, "मॅडम, पहिल्या बल्बने थोडा करंट खाल्ला ना, मग दुसऱ्याला उरलेलाच मिळणार." ही काही एखाद्या वर्गाची किंवा एखाद्या शिक्षकाची चूक नाही, जगभरातल्या पोरांच्या डोक्यात हीच कल्पना असते आणि विज्ञान शिकवण्यावर संशोधन करणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. पण नुसतं हात वर करायला सांगितलं तर ती दिसतच नाही, कारण निम्मी पोरं हुशार पोराचा हात कधी वर जातो तिकडे बघून मग आपला करतात.

म्हणून इथे पोल घ्यायचा. प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनवर, न बोलता, एकट्याने उत्तर द्यायचं. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, बऱ्याच ॲप्समध्ये मतं पडली की लगेच समोर ग्राफ येतो आणि बरोबर उत्तराला हिरवी खूण लागते, सेटिंगमध्ये जाऊन हे आधी बंद करा. किंवा सरळ प्रोजेक्टरवरचं चित्र काही मिनिटं झाकून टाका. कारण हिरवी खूण दिसली की विचार तिथेच संपला, आणि नुसता ग्राफ जरी दिसला तरी सगळ्यात उंच काठी कुठली ते बघून बाकीची पोरं गपचूप तिकडे सरकतात. ग्राफ फक्त आपण बघायचा, पोरांना फक्त एवढंच सांगायचं की वर्गात एकमत नाहीये, शेजाऱ्याला तुझं कारण पटवून दे, आणि मग परत मत द्या.

ही पद्धत हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांची, १९९१ पासूनची, पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात तिला. त्यात एक साधा हिशोब आहे जो मला फार कामाचा वाटतो. पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा करू द्यायची, ३० च्या खाली असली तर आपणच परत समजवायचं कारण आपसात बोलायला पोरांकडे पुरेसं भांडवलच नाही, आणि ७० च्या वर गेली तर थोडक्यात कारण सांगून पुढे जायचं. म्हणजे पोलचा आकडा बघून पुढची दहा मिनिटं ठरतात. पोल घेतला आणि आकडा काहीही आला तरी ठरलेलीच पुढची स्लाईड लावली, तर मग पोल कशाला घेतला?

यावर सहकाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप असतो की चर्चा वगैरे काही नाही, पोरं शेजारच्या हुशार पोराचं उत्तर उचलतात. आक्षेप रास्त आहे, आणि तो नीट तपासून झालाय. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बायोलॉजीच्या वर्गात चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा, वेगळा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला, २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. दुसऱ्या प्रश्नात पोरं सुधारली होती, आणि ज्या गटात सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं त्या गटांमधली पोरंसुद्धा! हे वाचल्यापासून वर्गातल्या गोंगाटाकडे बघायची माझी नजरच बदलली.

दुसरं मत घेतलं की मग सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरच वायरी आणि बल्ब जोडून बघायचे. मी फेट वापरते, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने २००२ मध्ये कोलोरॅडोतच सुरू केलेला प्रकल्प, फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतो. पण सिम्युलेशन नुसतं उघडून दिलं की पोरं वायरी जोडतात, बॅटरीला आग लावून बघतात आणि तास संपतो (आग लावू द्या पाच मिनिटं, ती हौस फिटल्याशिवाय पुढे सरकत नाहीत). म्हणून आधी वहीत लिहून घ्यायचं, ॲमीटर (करंट मोजणारा) पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर लावला तर तीन आकडे काय येतील, मोठा लहान की सारखे. लिहिल्यावरच लावायचा. तिन्ही ठिकाणी एकच आकडा येतो, म्हणजे दोन्ही बल्ब सारखेच, आणि स्वतःच्या हाताने "कमी" लिहिलेलं असल्यामुळे तो आकडा टोचतो. मग कोणीतरी विचारतंच, "मॅडम, करंट संपत नाही तर मग बॅटरी कशाने संपते?" या एका प्रश्नासाठी मी हा सगळा खटाटोप करते, कारण इथून ऊर्जा शिकवायला दार उघडतं आणि तो प्रश्न त्यांचा असतो, माझा नसतो.

सिम्युलेशनवर थांबू मात्र नका. खरे बल्ब जोडा. खरे दोन बल्ब कधीच हुबेहूब सारखे नसतात, एक थोडा जास्त उजळ दिसतो, आणि तो नेमका पहिला असला की पोरं ओरडतात बघा, आम्ही म्हणत होतो! तेव्हा काही बोलायचं नाही, दोन बल्बची जागा अदलाबदल करायची. उजेड बल्बबरोबर जातो, जागेबरोबर नाही. आणि समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक बल्ब बॅटरीला वेगळा जोडून, बल्ब वाढवला तर फेटमध्ये आधीच्या बल्बचा उजेड तसाच राहतो, खऱ्या सेलवर थोडा कमी होतो, कारण खऱ्या सेलला आतला रोध असतो. फेटमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंगला तो रोध वाढवता येतो. स्क्रीन आणि टेबल यांचं उत्तर जुळत नाही तिथे तर खरी मजा आहे, ते लपवू नका.

आता प्रश्न कसे बनवायचे. क्विझ ॲपमध्ये तयार प्रश्न हजारो मिळतात पण चुकीचे पर्याय फालतू असतात, ज्याला काही येत नाही तोही गाळून गाळून बरोबर पोचतो. चुकीचा पर्याय हा पोराला मनापासून बरोबर वाटणारा हवा. दशांश अपूर्णांक घ्या. ०.४ मोठा की ०.३५? खूप पोरं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ही चूक पकडली गेली. पण काही पोरांच्या डोक्यात उलटंच असतं, पॉइंटनंतर जितके जास्त अंक तितका आकडा लहान, शंभरावा भाग दहाव्या भागापेक्षा लहान असतो ना म्हणून. ही पोरं ०.४ च म्हणणार, आणि ॲप त्यांना हिरवी खूण देणार, आणि आपल्याला वाटणार यांना कळलं. म्हणून लगोलग दुसरा प्रश्न लागतो, ०.७ मोठा की ०.७३? पहिला बरोबर आणि दुसरा चूक अशी जोडी ज्यांची आली त्यांच्याशी वेगळं बोलायचं. ॲपमधला एकूण मार्कांचा कॉलम हे सांगत नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दाखवणारी शीट उघडून बघावी लागते, आणि माझ्या मते शिक्षकाचा ई-लर्निंगवरचा वेळ जायला हवा तो इथे, स्लाईडला ॲनिमेशन लावण्यात नाही. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वेगळा फीडबॅकही लिहिता येतो, तो लिहाच, नाहीतर "चूक, पुन्हा प्रयत्न करा" एवढंच दिसलं की पोरं पुढचा पर्याय दाबतात.

टायमर आणि लीडरबोर्ड मी बंद ठेवते. वेगाला मार्क दिले की पोरं वाचायच्या आधी दाबतात, आणि तळाला जी तीन-चार नावं परत परत दिसतात त्यांचं काय होत असेल याचा विचार करा. पाढे वगैरे पाठ झालेत का एवढंच बघायचं असेल तर ठीक आहे, संकल्पनेला नको.

सगळ्यांकडे डिव्हाइस नसेल तरी अडत नाही. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये पोरांना कागदाची कार्डं द्यायची, कार्ड ज्या बाजूने वर धरलं ते उत्तर, आणि शिक्षक आपल्या एका मोबाईलच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग स्कॅन करतो.

व्हिडिओबद्दल थोडंसंच. एडेक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या कोर्सेसचा २०१४ मधला मोठा अभ्यास आहे, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणं साधारण सहा मिनिटांच्या आतच आटोपतं, तेव्हा तुकडे करा. आणि स्लाईडवर लिहिलेलं वाक्यच्या वाक्य वाचून दाखवू नका, रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत चित्र आणि आवाज एवढ्यावर पोरं जास्त शिकली, त्यात तेच शब्द लिहून घातले की कमी. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे, व्हिडिओ परत परत बघितला की सगळं येतंय असं वाटायला लागतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग पोरांना मी मुद्दाम सांगते. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणून व्हिडिओ संपला की लॅपटॉप बंद आणि कोऱ्या कागदावर जे आठवतंय ते लिहायचं, मगच दुसऱ्यांदा बघायचा.

त्याच कारणासाठी दर क्विझमध्ये मी दोन प्रश्न जुन्या धड्यातले टाकते, प्रश्नपेढीतून ते आपोआप उचलले जातील असं सेट करता येतं. ध्वनीच्या क्विझमध्ये मध्येच दोन बल्ब येतात तेव्हा पोरं वैतागतात, हे तर झालं होतं म्हणतात, आणि तरीही त्यातली काही परत प्लस टोकाजवळचा बल्बच निवडतात. त्या दिवशी ध्वनी दहा मिनिटं उशिरा सुरू होतो.