बंद बाटल्यांतलं मेण : ताजी नोंद

ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू मेणबत्तीचं मेण खातात का, हे मी बंद बाटल्यांत बघतोय. त्यातली मेणाची बाटली काळी पडली. पण त्यावर लगेच खूश व्हायचं कारण नाही. काळा रंग आयर्न सल्फाइडचा. ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू आत जागे आहेत, एवढंच त्यावरून कळतं. ते मेण खाताहेत की गाळातला जुना पालापाचोळा, हे रंग सांगत नाही.

म्हणूनच तीन बाटल्या आहेत. एकीत तळ्याचा गाळ आणि मेणाचा बारीक कीस, दुसरीत नुसता गाळ, तिसरीत मेणासकट प्रेशर कुकरमध्ये पुन्हा पुन्हा शिजवलेला गाळ, कारण बीजाणू एका फेरीत मरत नाहीत. गाळ आधीच बराच काळ बंद ठेवून उपाशी मारला होता. मेण घेताना स्टिअरिनवालं घेऊ नका. ते मेदाम्ल आहे, जिवाणूंना फुकटची मेजवानी. द्रव पॅराफिनही टाळलं, त्यात फांद्यांचे आणि वलयी रेणू फार.

मला या सगळ्यात वेड लावते ती पहिली पायरी. ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू हायड्रोकार्बनमध्ये, म्हणजे मेणासारख्या फक्त कार्बन-हायड्रोजनच्या रेणूत, थेट ऑक्सिजनचा अणू घुसवतात आणि पुढचं काम सोपं होतं. इथे ऑक्सिजनच नाही, म्हणून ती सोय नाही. मग बरेच जण फ्यूमरेट हा पेशीतलाच एक छोटा रेणू वापरतात. एन्झाइममधल्या ग्लायसिन या अमिनो आम्लावर एक मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन, बसलेला असतो. त्याच्या जोरावर साखळीतल्या बहुधा दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन उपटला जातो, आणि मोकळा झालेला कार्बन फ्यूमरेटला चिकटतो. टोल्युइन या वलयी हायड्रोकार्बनचीही हीच तऱ्हा, फक्त तिथे हायड्रोजन मिथाइल गटावरचा. पुढे रेणूची थोडी फेरजुळणी होऊन तो मेदाम्लासारखा तुकड्यातुकड्यांनी मोडतो. या मूलकाला ऑक्सिजनचा स्पर्श झाला की एन्झाइमची साखळीच तुटते. त्यामुळे झाकणाकडे फार लक्ष द्यावं लागतं. पाण्यात रेझाझुरिन हा ऑक्सिजन दाखवणारा रंग घातलाय, तो गुलाबी दिसला, तर ती बाटली बाद.

गंमत म्हणजे १९९१ मध्ये हेक्झाडेकेन (सोळा कार्बनांची सरळ साखळी, मेणाचं छोटं भावंड) खाणारा जो सल्फेट-जिवाणू शुद्ध स्वरूपात मिळाला, तो एचएक्सडी३, या वाटेने जातच नाही. त्याच्याकडे फ्यूमरेट जोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक सापडत नाही.

आता हिशेब. जिवाणूंना १ ग्रॅम हेक्झाडेकेन पूर्ण संपवायला साधारण ५.२ ग्रॅम सल्फेट लागतं. मेणालाही जवळपास तेवढंच. पाण्यातलं सल्फेट किती उतरलं, तेच मी किटने मोजतो. म्हणून जिप्समऐवजी (कॅल्शियम सल्फेट) सहज विरघळणारं एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं. जिप्सम तळाशी साठून राहतं आणि पाण्यातली घट भरून काढत राहतं, मग मोजायचं काय? मेणाच्या बाटलीतलं सल्फेट नुसत्या गाळापेक्षा जास्त उतरतंय, पण तो फरक अजून किटच्या चुकीच्या पल्ल्यातच आहे. पुरावा म्हणून मी तो धरत नाही.

नमुना काढताना खिडक्या उघड्या ठेवा. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं.

पुढची बाटली सल्फेटशिवायची. १९९९ मध्ये हेक्झाडेकेनपासून मिथेन होताना दाखवलं गेलं. तिथे एकटा जिवाणू नाही, जोडीला मिथेन करणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, लागतात. वायू साठणार, म्हणून त्या झाकणाला पाण्यात बुडणारी नळी आधी लावतोय.