बडोद्याच्या भिंती: तांबेकर वाड्यापासून फतेगंजच्या पुलापर्यंत

बडोद्यात रस्त्यावरची चित्रे पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी मुक्काम रावपुरा किंवा दांडियाबाजाराच्या आसपास करावा, असे माझे पहिले सांगणे आहे. स्टेशनच्या पलीकडे अलकापुरीत हॉटेले अधिक आहेत आणि सोयीचीही आहेत. परंतु जुन्या शहरातून सकाळी सातच्या सुमारास पायी निघता आले, तर भिंतींसमोर दुचाक्यांची रांग आणि हातगाड्या लागण्याआधी पुष्कळ काही निवांतपणे पाहून होते. दांडियाबाजारात पत्ता मराठीत विचारला तरी उत्तर मराठीतच मिळते. त्यात मध्येच एखादा गुजराती शब्द येतो, इतकेच. सकाळच्या खाण्याला सेवउसळ मागवावी, पण तिचा तिखटपणा आधी विचारून घ्यावा.

मुंबई, दिल्ली किंवा कोचीच्या मोठमोठ्या रंगीत भिंती मनात ठेवून येथे आलेल्या माणसाची पहिल्या तासात निराशा होण्याचा संभव आहे. बडोद्यात अख्खी इमारत व्यापणारी चित्रे शोधत फिरण्यात अर्थ नाही. येथे पाहण्यासारखे आहे ते दिवाणाच्या वाड्यापासून आजच्या पुलाखालच्या खांबांपर्यंत भिंत रंगवण्याचे काम कसे बदलत गेले ते. ही भिंत कोणाची, पैसे कोणी दिले आणि विषय कोणी ठरवला, हे तीन प्रश्न प्रत्येक चित्रासमोर स्वतःला विचारत गेले, तर विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत उरकलेली भिंतही बरेच काही सांगू लागते.

आरंभ तांबेकर वाड्यापासून करावा. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानाचे दिवाण होते आणि त्यांचा हा लाकडी मजल्यांचा वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. भिंती, दारांच्या फळ्या, छत अशा जवळजवळ प्रत्येक मोकळ्या जागी चित्रे आहेत. महाभारत आणि कृष्णलीला तर आहेतच, पण त्यांच्या शेजारी मराठे आणि इंग्रज यांच्यातील लढाई आहे, आणि लांब झग्यांतल्या युरोपीय स्त्रियाही आहेत. घरमालकाला जे आवडले, जे त्याने ऐकले आणि ज्याचा त्याला धाक किंवा कुतूहल वाटले, ते सर्व एकाच घरात आले आहे, आणि देवाच्या चित्राला जेवढे निगुतीने रंगवले आहे तेवढेच गोऱ्या बाईच्या टोपीलाही. खोल्यांत उजेड कमी असतो. आतमध्ये फ्लॅश मुळीच वापरू नये आणि छायाचित्रांविषयी तेथील रखवालदाराला आधी विचारावे. उघडण्याच्या वेळा निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घेतलेल्या बऱ्या.

तेथून कोठीच्या बाजूला चालत गेले की विश्वामित्रीच्या अलीकडे कीर्तिमंदिर लागते. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९३६ मध्ये राजघराण्याच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, पण आपल्याला जायचे आहे ते आतल्या दालनात, जेथे चारही भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रे आहेत. गंगावतरणाची भिंत १९३९ मधली, मीरेच्या जीवनाची १९४० मधली, रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकाची १९४३ मधली, आणि अभिमन्यूच्या युद्धाची त्यानंतरची. ज्या महाराजांनी त्यांना बोलावले ते फेब्रुवारी १९३९ मध्येच वारले. तरीही काम पुढे चालू राहिले.

या भिंतींकडे रस्त्यावरच्या चित्रांच्या वाटेवरील एक टप्पा म्हणून मी का पाहतो, ते सांगणे आवश्यक आहे. गंगावतरणाच्या भिंतीच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, याच गुजरातेत सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी त्यासाठी चित्रफलक केले होते. त्यांत शेतकरी, सुतार, वाद्य वाजवणारा, दळण दळणारी बाई असे लोक होते, आणि ती चित्रे मंडपात व वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्या खेडूतांनी पाहावीत म्हणून लावलेली होती. रेघ जाड, रंग मोजके, दुरून ओळखू येईल अशी आकृती. कीर्तिमंदिरात आल्यावर हाच हात संथ होतो, माणसांची गर्दी आणि लय यांत रमतो. उघड्यावरच्या, चालत्या माणसासाठीच्या चित्राला रेघ कशी लागते आणि थांबून पाहणाऱ्यासाठी कशी, हा फरक एकाच चित्रकाराच्या दोन लागोपाठच्या कामांत दिसतो. हरिपुऱ्याच्या चित्रांच्या प्रतिमा फोनमध्ये आधीच उतरवून घेऊन कीर्तिमंदिरात जावे. या सबंध प्रवासात इतका उपयोगी पडणारा दुसरा सल्ला माझ्यापाशी नाही.

काळ्या घोड्याच्या चौकातून पुढे गेल्यावर कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, आणि विद्यापीठाचा परिसर आहे. पुष्पबागेतील ललितकला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाता. चित्रकलेचे शिक्षण घडवले ते मुख्यतः ना. श्री. बेंद्रे यांनी, जे जन्माने आणि शिक्षणाने इंदूरचे, आणि १९६६ पर्यंत ते येथे शिकवत होते. शंखो चौधरी शिल्पकला पाहत. के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये आले आणि त्यांनी भित्तिचित्र, विणकाम, खेळणी, मातीकाम यांना चित्रकलेच्या पंक्तीला बसवले. ज्योती भट्ट यांनी पुढे खेड्यापाड्यांतील रांगोळ्या आणि सारवलेल्या भिंतींवरची चित्रे वर्षानुवर्षे छायाचित्रांत टिपली. फाइन आर्ट्स फेअर ही जत्राही येथलीच. त्यात विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, बाहुल्या आणि कसल्या कसल्या वस्तू बनवून स्वस्तात विकतात. ती दर वर्षी भरतेच असे नाही, म्हणून तिच्या भरवशावर प्रवास आखू नये. वार्षिक परीक्षेनंतर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे काम मांडले जाते, तेव्हा गेले तर उत्तम. परंतु त्या दिवसांतले बडोद्याचे ऊन सोसणाऱ्यानेच हा बेत करावा. एरवी फाटकावर नाव लिहून, कोणाला भेटायचे ते सांगून आत जावे, आणि चालू असलेल्या वर्गात डोकावू नये.

मग फतेगंज. येथील पुलाखाली आणि आसपासच्या कुंपणभिंतींवर जी चित्रे आहेत त्यांचा मोठा भाग ठरवून दिलेल्या विषयांचा आहे: स्वच्छता, पाणी वाचवा, गरब्याच्या घागऱ्या, फेटा घातलेले सयाजीराव. माझे स्पष्ट मत असे की, ज्या भिंतीवर घोषवाक्य आधी आले आणि चित्र नंतर, तेथे चित्रकाराचा हात जवळजवळ दिसत नाही, मग तो कितीही चांगला शिकलेला असो. उलट, कोणाचे लक्ष नसलेल्या खांबाच्या मागच्या बाजूला, जेथे विषय देणाऱ्याने काही सांगितलेले नसते, तेथे अचानक एखादी म्हैस किंवा झोपलेला रिक्षावाला असा रंगवलेला असतो की पाय थांबतात. म्हणून खांबांना पूर्ण फेरी मारावी. रस्त्याकडची बाजू पाहून पुढे जाणाऱ्यांच्या हाती निम्मेच लागते.

तेथे मला एक तरुण मुलगी काम करताना भेटली. दोन ड्रमवर फळी टाकून केलेल्या परांचीवर ती उभी होती, आणि खडूने आखलेल्या चौकटींतून एका हत्तीचा कान पुरा करत होती. रंगाच्या रिकाम्या डब्यात तिने तीन छटांचा राखाडी रंग केला होता आणि ब्रश पाण्यात बुडवण्याऐवजी ओल्या फडक्यावर पुसून घेत होती, कारण पाणी जास्त झाले की बाहेरचा इमल्शन रंग ओघळतो आणि खालचे काम बिघडते. मी विचारले, “सही कुठे करणार?” ती हसली आणि म्हणाली, “सही करायला सांगितलेलं नाही, दादा. पण हत्तीच्या पायाच्या नखात माझं नाव आहे, खाली बसलात तर दिसेल.” मी खाली बसलो. होते.

भिंत वाचायची सवय लावून घ्यावी, म्हणजे चित्र वाचता येते. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा थर आणि त्यावर थेट रंग दिला असेल, तर एकदोन पावसाळ्यांत लोणा लागून पोपडे सुटतात. ज्या भिंतीला आधी खरवडून, पुट्टी आणि प्रायमर देऊन वाळू दिले असेल, ती कितीतरी अधिक टिकते. नदीजवळच्या भिंतींवर जमिनीपासून वर आडवी मळकट रेघ दिसली, तर ती विश्वामित्रीच्या पुराची असण्याचा संभव धरावा. ऑगस्ट २०२४ मध्ये शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले होते. याच नदीत मगरी आहेत, त्यामुळे काठावरून चित्राचा कोन साधण्यासाठी खाली उतरण्याची हौस करू नये. जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला. पावसाळ्यात नवे काम होतच नाही आणि जुने ओले असते.

रावपुऱ्याच्या एका बोळात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक वृद्ध काका अजून काम करतात. फ्लेक्स आल्यापासून मोठी कामे गेली, आता मंगलकार्यालयाचा फलक, मंदिराची पाटी, कोणाच्या टेम्पोवरचे नाव, एवढेच उरले आहे असे ते म्हणाले. चुन्यात बुडवलेल्या दोऱ्याने सुताची रेघ मारून, एका काठीवर हात टेकवून, ऑइल पेंटने ते ‘श्री’ची वेलांटी एका झोकात ओढतात. त्यांच्याकडून घराच्या नावाची छोटी पाटी करून घेता येते. अशा ठिकाणी घासाघीस करू नये, आणि ‘व्हिडिओ काढू का?’ हे आधी विचारावे. ते मान हलवून हो म्हणतात, पण मग काम थांबवून कॅमेऱ्याकडे पाहत बसतात.

छायाचित्रांसंबंधी थोडे तपशिलात लिहितो, कारण हा विषय बहुतेकांना ठाऊक नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांची आणि कलाकुसरीच्या कामांची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करण्याची मुभा आहे. भिंतीवरच्या चित्राचा तेथे उल्लेख नाही. स्वतःच्या आठवणीसाठी छायाचित्र काढणे वेगळे आणि तेच टी-शर्टवर किंवा कॅलेंडरवर छापून विकणे वेगळे. ५७ व्या कलमाने कलावंताला, हक्क विकल्यानंतरही, आपले नाव लावले जाण्याचा आणि आपल्या कामाची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार दिलेला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले, तेव्हा त्यांनी सरकारवर दावा लावला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. म्हणजे भिंत ज्याची आहे तो तिच्यावरच्या कामाचे वाटेल ते करू शकतो, असे नाही. हे फतेगंजच्या त्या मुलीला मी सांगितले, तेव्हा तिने उलट विचारले की नखातले नाव पुरावा म्हणून चालेल का. छायाचित्र कोठेही टाकताना चित्राजवळ नाव असेल तर ते लिहावे, नसेल तर आसपास विचारावे. चहाच्या टपरीवाल्याला बहुधा माहीत असते, कारण रंगवणारी मुले त्याच्याकडेच बसलेली असतात.

राजा रविवर्म्याची मूळ चित्रे पाहायची असतील, तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखावा. सोमवारी ते बंद असते. रस्त्यावरच्या चित्रांशी त्याचा थेट संबंध नाही, तरी शहराच्या भिंतींवर सरस्वती आणि लक्ष्मी ज्या चेहऱ्याने येतात तो चेहरा कोठून आला, हे तेथे लक्षात येते.

एक दिवस जास्तीचा असेल, तर छोटा उदेपूरच्या बाजूला जावे. पुलाखालच्या खांबांवर सजावटीसारखे येणारे पिठोऱ्याचे, म्हणजे विधीसाठी काढलेल्या भित्तिचित्रांतले, घोडे तिकडे राठवा आदिवासींच्या घरांत ओसरीच्या भिंतीवर नवस फेडण्यासाठी रंगवले जातात. कुमारिका भिंत सारवून पांढरी करतात, रंग दूध आणि मोहाच्या दारूत कालवतात, चित्र लखारा, म्हणजे तेथला चित्रकार, काढतो आणि बडवा, म्हणजे पुजारी, ते वाचून, त्यात काय राहिले ते सांगून मगच पूर्ण झाले असे म्हणतो. तेजगढ येथील आदिवासी अकादमी आणि तिचे संग्रहालय पाहून मग गावांकडे वळणे योग्य. अकादमीमागची भाषा ही संस्था बडोद्यात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी १९९६ मध्ये सुरू केली. प्रतापनगर स्टेशनातून त्या मार्गावर गाड्या सुटतात, पण परतीच्या गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे जाताना परतीची वेळ स्टेशनावरच पाहून ठेवावी. कोणाच्या घरातली भिंत पाहायची असेल तर गावातल्याच माणसाला बरोबर घ्यावे, उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढावीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी नको म्हटले तर कॅमेरा पिशवीतून काढू नये.